एकच हाड, तीन कायदे

मुरबाडच्या बाजारात माझ्या आत्याच्या अंगावर दुकानाचं शटर पडलं, त्याला आता दोन वर्षं उलटून गेली. 'दोन वर्षं' हे मुद्दाम सांगतेय. त्याचं कारण शेवटाकडे येईल.

दुपारची वेळ होती. दुकानदाराने जेवणासाठी शटर अर्ध्यावर ओढलं होतं, पण गिऱ्हाईक आलं की तो आतूनच 'या या' म्हणायचा. आत्या वाकून आत शिरली. शटरची स्प्रिंग कधीचीच गेली होती आणि ते एका लाकडी दांडक्यावर टेकवलेलं होतं. दांडकं सरकलं आणि आत्याचं कॉलरबोन मोडलं. लावणीचे दिवस, हात सहा आठवडे गळ्यात. घरच्या लावणीला मजूर लावावे लागले. दुकानदार वाईट माणूस नव्हता, हेही सांगायला हवं. त्याने स्वतःच्या गाडीतून तिला दवाखान्यात नेलं, एक्सरेचे पैसे दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी कारागीर बोलावून स्प्रिंग बदलून घेतली.

मी शहापूरहून भेटायला गेले तेव्हा विचारलं, "तक्रार करायची का?" आतेभाऊ म्हणाला, "ताई, मग गणपतीचं सामान उधारीवर कोण देणार? तू?"

विषय तिथेच मिटला. पण माझ्या डोक्यातून जाईना. माझं शिक्षण भौतिकशास्त्रातलं, कायद्यातलं नाही. तरी दर २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, आपल्या कॉलेजांमधून 'ग्राहकाचे सहा हक्क' यावर भाषण होतं आणि त्यात पहिला हक्क असतो सुरक्षिततेचा. म्हटलं, तो हक्क माझ्या आत्याला लागू आहे का हे एकदा स्वतः वाचून बघू. म्हणून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ घेऊन बसले. आजचा लेख त्या वाचनावरची टीका आहे, आणि संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी एक धडाही. आपण एखादा मजकूर 'वाचला' म्हणतो तेव्हा बरेचदा त्याचं फक्त पोस्टर वाचलेलं असतं.

व्याख्या आधी, उत्साह नंतर

कोणताही शोधनिबंध वाचताना आपण आधी संज्ञा बघतो. लेखकाने 'तापमान' म्हटलंय ते हवेचं की नमुन्याचं? कायदाही तसाच वाचायचा. या कायद्याचं कलम २ म्हणजे नुसत्या व्याख्या. नवखा वाचक ते ओलांडून थेट शिक्षा आणि भरपाईकडे जातो. खरा खेळ मात्र इथेच होतो.

पहिला धक्का कलम २(९) मध्ये बसतो. तिथे ग्राहकाचे हक्क दिलेत. पहिल्या हक्काचे शब्द नीट पाहिले तर तो जीविताला आणि मालमत्तेला धोकादायक असलेल्या वस्तू, उत्पादनं आणि सेवा यांच्या *विपणनापासून* संरक्षणाचा हक्क आहे. म्हणजे धोकादायक माल बाजारात आणून तुम्हाला विकण्यापासून. माल ज्या दुकानात ठेवलाय त्या दुकानाचं छप्पर, रॅक, शिडी, शटर यांचा तिथे उल्लेख नाही. पोस्टरवर मात्र फक्त 'सुरक्षिततेचा हक्क' एवढंच छापतात. मधला शब्द गळला आणि हक्क आपोआप मोठा दिसायला लागला.

दुसरा धक्का सहाव्या प्रकरणात. कलम ८२ ते ८७. 'उत्पादन दायित्व' ही २०१९च्या कायद्यातली नवी आणि गाजलेली गोष्ट. सदोष वस्तूमुळे इजा झाली तर उत्पादक, विक्रेता आणि त्या वस्तूची देखभाल करणारा, तिघांवरही दावा करता येतो. 'हानी' ची व्याख्या तर खूपच चांगली आहे: शरीराची इजा, आजार, मृत्यू, शिवाय मानसिक त्रासही त्यात येतो. कलम ८६ मध्ये विक्रेत्याने वस्तूची जोडणी, तपासणी किंवा देखभाल वाजवी काळजीने केली नाही तर तो जबाबदार, असंही स्पष्ट म्हटलंय. वाचताना वाटतं, अरे, हेच तर हवं होतं!

थांबा. हे सगळं कोणत्या वस्तूबद्दल आहे? जी बनवली गेली आणि *विकली* गेली तिच्याबद्दल. दुकानातून घेतलेला मिक्सर घरी फुटला तर हे प्रकरण तुमचं आहे. पण मिक्सर ज्या रॅकवर ठेवला होता तो रॅकच पायावर पडला, तर रॅक तुम्हाला कुणी विकला नव्हता. आत्या शटर विकत घ्यायला गेली नव्हती. शटरच्या बाबतीत 'खरेदीदार' असलाच तर तो दुकानदार स्वतः. उत्पादन दायित्वाचं अख्खं प्रकरण तिच्या डोक्यावरून गेलं, शटर मात्र खांद्यावर आलं.

आत्या 'ग्राहक' होती का?

मग उरतो दुसरा रस्ता: सेवेतली त्रुटी. कलम २(११) मध्ये त्रुटीच्या व्याख्येत ग्राहकाला इजा किंवा नुकसान पोचवणारा निष्काळजीपणाही घातलाय. म्हणजे दार उघडं आहे. पण त्या दारातून आत जायला तुम्ही आधी 'ग्राहक' असायला हवं.

कलम २(७) प्रमाणे ग्राहक म्हणजे मोबदला देऊन, किंवा देण्याचं वचन देऊन, वस्तू घेणारा किंवा सेवा घेणारा. इथे एक गंमत लक्षात घ्या. 'देण्याचं वचन' म्हणजे आपली उधारी! वहीत लिहून ठेवा म्हणणारं गिऱ्हाईक कायद्याने पूर्ण ग्राहक आहे. अडचण अशी की आत्याने अजून 'लिहून ठेवा' म्हटलंच नव्हतं. ती दारातच होती.

खरेदी नेमकी कोणत्या क्षणी होते? कायद्याचे विद्यार्थी यासाठी इंग्लंडमधला १९५३ चा बूट्स औषध दुकानाचा खटला शिकतात. तिथे न्यायालयाने म्हटलं की फळीवर मांडलेला माल हे फक्त आमंत्रण असतं. गिऱ्हाईक माल घेऊन गल्ल्यापाशी येतं आणि दुकानदार तो स्वीकारतो, तेव्हा सौदा होतो. हा निकाल औषधविक्रीच्या नियमांबद्दल होता, इजेबद्दल नाही. पण त्याचा तर्क आत्याला लावला तर ती गल्ल्यापर्यंत पोचलीच नव्हती. मग ती अजून कोणीच नव्हती का? साबणाच्या वडीचे पैसे देऊन बाहेर पडताना तेच शटर पडलं असतं तर ग्राहक, आणि आत येताना पडलं तर नुसती बाई?

इथे माझ्या टीकेविरुद्धचा सगळ्यात मजबूत मुद्दा मीच मांडते, कारण तो लपवला तर हे संशोधन राहणार नाही, वकिली होईल. कलम २(४२) मध्ये सेवेची व्याख्या करताना 'संभाव्य वापरकर्त्यांना उपलब्ध करून दिलेली' असे शब्द आहेत. दुकान उघडं ठेवून 'या या' म्हणणं ही संभाव्य गिऱ्हाइकाला दिलेली सेवाच, असा युक्तिवाद नक्की करता येतो. शिवाय लखनऊ विकास प्राधिकरणाच्या १९९३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याचा अर्थ ग्राहकाच्या बाजूने, उदारपणे लावायला सांगितलंय. तो निकाल १९८६ च्या जुन्या कायद्यावरचा, पण दृष्टी तीच.

म्हणजे आत्याचा दावा अशक्य नव्हता. पण बघा, शटर पडलं की नाही, हाड मोडलं की नाही, याआधी 'ही बाई कोण' यावरच तारखा पडल्या असत्या. आणि भांडण साबणाच्या वडीवरून.

तेच हाड, वेगळी पाटी

आता माझा मुख्य मुद्दा. आपण प्रयोगात काय करतो? एक घटक बदलतो, बाकी सगळं स्थिर ठेवतो. तसंच करू. कॉलरबोन तेच, तालुका तोच, फक्त परिस्थिती बदलू.

एक: आत्या मुरबाडच्या रस्त्यावर चालताना टेम्पोच्या धक्क्याने पडली आणि हाड मोडलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ प्रमाणे गंभीर दुखापतीला २.५ लाख आणि मृत्यूला ५ लाख रुपये, तेही चालकाची चूक सिद्ध न करता. हाड मोडणं हे फौजदारी कायद्यात 'गंभीर दुखापती' तच मोडतं. पैसे गाडीमालकाने किंवा त्याच्या विमा कंपनीने द्यायचे.

दोन: आत्या मुरबाड एमआयडीसीतल्या कारखान्यात कामाला आहे आणि कामावर असताना कारखान्याचं शटर पडलं. कामगाराला भरपाई मिळण्यासाठी मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही, हे तत्त्व आपल्याकडे १९२३ च्या कायद्यापासून आहे. रक्कम कमी-जास्त असेल, मिळायला उशीर होईल. ३१ जुलै २०२३ च्या रात्री शहापूर तालुक्यात सरळांब्याजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर लाँचर कोसळला आणि २० जणांचा जीव गेला. तशा अपघातात कामगाराच्या घरच्यांना 'तो तिथे कोण होता' हे नव्याने सिद्ध करावं लागत नाही. तो कामगार होता, एवढं पुरतं.

तीन: आत्या गिऱ्हाईक आहे. इथे आधी ग्राहक असल्याचं सिद्ध करा, मग दुकानदाराचा निष्काळजीपणा, मग त्यामुळेच इजा झाली हे, मग नुकसानीचा आकडा.

हाड एकच. वेदना तीच. कायदा मोजतो ते हाड नव्हे, तर माणसाच्या गळ्यातली पाटी. आणि सगळ्यात कच्ची पाटी आहे ती अजून गल्ल्यापर्यंत न पोचलेल्या गिऱ्हाइकाची.

मोठ्या शहरात वेगळं आहे असं समजू नका. १३ मे २०२४ ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर १२० बाय १२० फुटांचं होर्डिंग कोसळलं, १७ माणसं गेली. त्यात पेट्रोल भरायला थांबलेली माणसं होती. सरकारने मृतांच्या वारसांना ५ लाख रुपये जाहीर केले. ते चांगलंच केलं. पण त्याला अनुग्रह म्हणतात. अनुग्रह सरकारच्या मर्जीवर असतो, हक्क आपला असतो. संशोधनात हे दोन शब्द एका रकान्यात टाकू नका.

पुरावा कोणाच्या ताब्यात?

न्यायालयांना ही अडचण कळत नाही असं नाही. १८६३ साली लिव्हरपूलमध्ये एका पीठविक्याच्या दुकानाच्या वरच्या खिडकीतून पिठाचं पिंप रस्त्यावरच्या माणसावर पडलं. पिंप कसं पडलं हे त्या बिचाऱ्याला कुठून माहीत असणार? न्यायालय म्हणालं, पिंपं आपोआप पडत नाहीत. काय झालं ते दुकानदारानेच सांगावं. 'घटना स्वतःच बोलते' हे तत्त्व तिथून आलं. १९७६ मध्ये इंग्लंडच्याच एका सुपरमार्केटात जमिनीवर सांडलेल्या दह्यावरून एक बाई घसरली, तेव्हाही न्यायालयाने साफसफाईची व्यवस्था नीट होती हे दुकानाने दाखवावं अशी अपेक्षा धरली.

आपल्याकडे १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या चांदणी चौकातला घंटाघर कोसळल्याच्या खटल्यात हेच तत्त्व लावलं. त्यातला एक तपशील विज्ञानाच्या विद्यार्थ्याने वाचावाच असा आहे. इमारत ८० वर्षांची होती आणि तिच्यात वापरलेल्या चुन्याचं आयुष्य जेमतेम ४० ते ४५ वर्षांचं. महापालिका म्हणाली, दोष वरून दिसत नव्हता. न्यायालय म्हणालं, वय माहीत होतं ना, मग तपासायला हवं होतं.

हेच शटरला लावा. शटरचं वजन वरच्या पाइपातल्या स्प्रिंगा तोलून धरतात, म्हणून एक माणूस ते एका हाताने उचलू शकतो. तालुक्याच्या गावात दुकान सकाळी उघडतं, दुपारी बंद होतं, संध्याकाळी उघडतं, रात्री बंद होतं. म्हणजे दिवसाला दोन पूर्ण फेऱ्या, वर्षाला ७३०, दहा वर्षांत ७,३००. प्रत्येक फेरीत स्प्रिंग पिळते आणि सुटते. धातूचा थकवा म्हणतात तो हाच. स्प्रिंग एक दिवस तुटणार हे दैव नाही, ठरलेली गोष्ट आहे. आणि तुटलेल्या स्प्रिंगचं शटर दांडक्यावर टेकवणं म्हणजे घंटाघराचं वय माहीत असून गप्प बसणं.

इतकं सगळं आत्याच्या बाजूने. मग अडलं कुठे? आयोगाचं काम मुख्यतः प्रतिज्ञापत्रं आणि कागदपत्रांवर चालतं. वस्तू सदोष असेल तर तिचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायची सोय कायद्यात आहे. आमची तुटलेली स्प्रिंग दुसऱ्याच दिवशी भंगारात गेली. दुकानदाराने ती बदलली ते योग्यच केलं, नाहीतर आणखी कुणी जखमी झालं असतं. पण त्याच चांगल्या कामाने पुरावाही संपला. आणि आमच्या घरी कुणी साधा मोबाइलने फोटो काढला नव्हता. मीसुद्धा नाही, आणि मी पीएच.डी. करतेय!

तपासणार कोण?

लिफ्ट आणि सरकत्या जिन्यांसाठी महाराष्ट्रात २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे, त्यात परवाना आणि तपासणी आहे. म्हणजे मॉलच्या सरकत्या जिन्याकडे बघणारं कुणीतरी आहे. दुकानं आणि आस्थापनांचा कायदाही २०१७ मध्येच नवा झाला, पण तो मुख्यतः कामगारांसाठी, आणि तोही आता वीस किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी. त्याखालच्या दुकानाने फक्त व्यवसाय सुरू केल्याची सूचना द्यायची. शहापूर किंवा मुरबाडच्या पेठेतून एक चक्कर मारा आणि वीस नोकर असलेली दुकानं मोजा. एका हाताची बोटंही बहुधा पुरून उरतील.

माझी टीका म्हणून दुकानदारावर नाही. छोट्या दुकानदाराला इन्स्पेक्टरच्या तावडीत द्या, असंही मी म्हणत नाही. त्याने शटर सुधारेलच याची खात्री नाही. टीका कायद्याच्या रचनेवर आहे. टेम्पोच्या धडकेत शेजारीसुद्धा शेजाऱ्यावर दावा करतो आणि वैर होत नाही, कारण पैसे विमा कंपनी देते. दुकानांच्या विमा पॉलिसीतही तिऱ्हाइताच्या इजेचं कलम घेता येतं, पण ते ऐच्छिक. ते सक्तीचं केलं आणि 'खरेदीसाठी दुकानात आलेली व्यक्ती' हे शब्द ग्राहकाच्या व्याख्येत घातले, तर आतेभावाच्या प्रश्नाला उत्तर मिळतं. उधारीही राहते, भरपाईही मिळते.

तुमच्यासाठी: यात संशोधन कुठे आहे?

कुणी म्हणेल, आयोगाचे निकाल गोळा करू, दुकानातल्या इजांचे किती आहेत मोजू. मोजा, पण त्याला इजांची संख्या म्हणू नका. ती तक्रारींची संख्या आहे. आत्या त्यात नाही. उधारीमुळे, लाजेमुळे, ठाण्याला खेपा घालणं परवडत नाही म्हणून गप्प बसलेलं कुणीच त्यात नाही. मुरबाडला रेल्वे नाही. एसटीने कल्याण, मग लोकलने ठाणे. हा प्रवाससुद्धा तुमच्या आकडेवारीवर परिणाम करणारा घटक आहे.

खरा आधार सरकारी दवाखान्याच्या केसपेपरमध्ये सापडू शकतो, इजा कशी झाली हे तिथे लिहिलेलं असेल तर. दुसरा मार्ग म्हणजे दोन बाजारपेठांतल्या शटरांची पाहणी: वय, शेवटची दुरुस्ती, टेकू आहे की नाही. परवानगी घ्या, दुकानाचं नाव नोंदवू नका, आणि गिऱ्हाइकाला दुकानदारासमोर प्रश्न विचारू नका. त्याची वही आत आहे हे विसरू नका.

आणि कधी घरच्या कुणावर वेळ आलीच तर: दुरुस्तीआधी फोटो आणि व्हिडिओ काढा. दवाखान्यात इजा कुठे आणि कशी झाली हे केसपेपरवर लिहून घ्या. बिल किंवा यूपीआयची नोंद असेल तर ठेवा. दोन साक्षीदारांचे नंबर घ्या. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, ऑनलाइनही करता येते. मोबदल्याची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. दिवाणी न्यायालयाचा रस्ता वेगळा आहे, तोही बंद नाही.

मुदत मात्र दोन वर्षांची, कलम ६९. सबळ कारण असेल तर आयोग उशीर माफ करू शकतो. मी हे कलम वाचलं तेव्हा आत्याची मुदत संपून काही आठवडे झाले होते. तिला सांगितलं तर म्हणाली, "जाऊ दे गं, आता दुखत नाही." पावसाळ्यात दुखतं, हे मला माहीत आहे. अजूनही ती त्याच दुकानात जाते, फक्त आत शिरण्याआधी एकदा वर बघते.